गोष्ट सांगताना कुठे थांबावे

लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवणे आणि गोष्ट सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे बालवाडीत शिकवता शिकवता माझे ठाम मत झाले आहे. वाचणाऱ्याची नजर पानावर असते, तर सांगणाऱ्याची मोकळी असते, आणि म्हणूनच कोणाचे लक्ष उडाले, कोण घाबरले, कोणाला पुढची ओळ आधीच आठवली, हे त्याला तिथल्या तिथे कळते. घरात पुस्तके हवीतच. पण त्यांच्यामुळे तोंडी गोष्ट मागे पडू लागली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपली चिऊ-काऊची गोष्टच पाहा. शेणाचे घर पावसात वाहून गेल्यावर कावळा चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो आणि ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ म्हणून हाका मारतो. चिमणी आतून म्हणते, ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे.’ मग अंग पुसणे, मग काजळ, मग तीट, मग दूध, मग थोपटून निजवणे. मोठ्यांना हे पाल्हाळ वाटते. परंतु ज्याला अजून घड्याळ कळत नाही, त्या मुलाच्या सकाळचा सगळा क्रम या उत्तरांत ओळीने आलेला असतो, आणि त्यामुळेच तीन वर्षांचे मूल पुढचे उत्तर आपण होऊन देऊ शकते. सांगणाऱ्याने ‘थांब, माझ्या बाळाला’ एवढेच म्हणून गप्प बसावे. मुले वाक्य पुरे करतात. एखादे मूल मध्येच ‘नखं कापू दे’ असे नवे काम चिमणीला लावते, तेही गोष्टीत आनंदाने घ्यावे, कारण त्या घरी नुकतीच कोणाची तरी नखे कापलेली असतात.

भोपळ्यात बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट याहून थोड्या मोठ्या मुलांची आहे. जाताना ती भेटेल त्या प्राण्याला ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असे सांगते, आणि हे शब्द प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच चालीत यायला हवेत. एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी मुले लगेच दुरुस्ती करतात. परतीच्या वाटेवर भोपळ्यात कोण आहे हे मुलाला ठाऊक असते आणि वाघाला नसते. चार-पाच वर्षांच्या मुलाचा सगळा आनंद या ठाऊक असण्यात असल्यामुळे तिथे वाघाचे बोलणे सावकाश न्यावे. अडीच वर्षांच्या मुलाला मात्र ‘टुणुक टुणुक’ हवे असते. त्याच्यासाठी प्राणी दोनच ठेवावेत आणि भोपळा भरपूर चालवावा. वाघ आला की बहुतेक जण आवाज चढवतात. मी तो उतरवते, कारण हळू आवाज ऐकायला मुले जवळ सरकतात आणि भित्रे मूलही तिथे टिकून राहते.

मोठ्यांच्या बैठकीत ऐकणारा ‘हं’ म्हणून हुंकार देतो आणि त्यावर सांगणाऱ्याची गाडी चालते. लहान मुलांचा हुंकार अंगात दिसतो: फ्रॉकशी चाललेला चाळा थांबतो, ओठ पालुपदाबरोबर हलू लागतात. हे पाहायला शिकणे हाच या कलेचा मोठा भाग आहे, आणि तो आरशासमोर हावभावांचा सराव करून येत नाही.

तात्पर्य विचारण्याची सवय मात्र सोडून द्यायला हवी. गुजरातमधल्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी गोष्टीच्या कलेवर विस्ताराने लिहिले आणि तिचा पहिला हेतू आनंद मानला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले आणि अनुताई वाघांच्या साथीने १९५७ मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. खडे, शिंपले, पाने अशा आसपासच्या वस्तूंनी तिथे शिकवणे चाले. गोष्टीला तर तेवढेही साहित्य लागत नाही. मुलाला कळेल अशी, शक्यतो त्याच्या घरची बोली तेवढी लागते.

शेवटाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. काही घरांत कावळा ऊब घेताना चुलीपाशी भाजतो, काही घरांत चिमणी त्याला आत घेऊन पोटभर जेवू घालते. मला दुसरा शेवट आवडतो, तरी पहिला ऐकत वाढलेल्या मुलापुढे मी तो बदलत नाही, कारण त्याची आजी आणि मी दोघीही त्याला खोट्या वाटाव्यात, असे मला वाटत नाही. चिऊने दार लवकर का उघडले नाही, असे कोणी विचारले तर उत्तर देण्याची घाई मी करत नाही. बाळाला गार वारा लागला असता, असे एक मूल म्हणते. काऊपण भिजला होता ना, असे दुसरे. तो वाद त्यांचा त्यांना घालू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गोष्ट मागितली तर पहिल्या वाक्यापासून तशीच सांगावी.