विषय आणि प्रश्न

आज संशोधन आराखड्याचा पाचवा खर्डा मॅडमना दाखवला. पहिल्याच वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, "काय आढळले तर तुझे हे म्हणणे खोटे ठरेल?" मला उत्तर देता आले नाही. 'संस्थांचा विकासावर परिणाम होतो' असे ते वाक्य होते आणि काहीही आढळले तरी ते खरेच राहिले असते. चार महिने मी ज्याला प्रश्न समजत होते, तो केवळ विषय होता.

पीएच.डी.ची तयारी म्हणजे वाचनाची यादी संपवणे, अशी माझी समजूत होती. स्मिथ, रिकार्डो, मार्क्स, पोलान्यी अशी ती यादी राज्यशास्त्राकडून राजकीय अर्थशास्त्राकडे वळणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडते. ते वाचन वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण त्यातून प्रश्न आपोआप हाती येत नाही.

संध्याकाळी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याविषयीची टिपणे पुन्हा काढली. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण त्यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली होती. अर्थशास्त्रात पीएच.डी. करण्याचा त्यांचा विचार होता; मात्र मुलगी म्हणून शाळेत त्रिकोणमिती घेऊ दिली गेली नव्हती आणि गणित अपुरे असल्यामुळे त्या वाटेवर त्यांना नाउमेदच केले गेले. १९६५ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता दक्षिण कॅलिफोर्नियातील वेस्ट बेसिन हा भूजलसाठा. बेसुमार उपशामुळे तिथे समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले होते, आणि एकट्याने उपसा कमी केला तर वाचलेले पाणी शेजारी उपसणार, हे प्रत्येकाला दिसत होते. तरीही पाणी वापरणारे एकत्र आले, न्यायालयाच्या चौकटीत वाटाघाटी करून उपशावर मर्यादा आणली आणि खारे पाणी थोपवण्याची व्यवस्था उभी केली. प्रबंध पूर्ण झाला त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी असे मांडले होते की सक्ती किंवा वेगळे प्रलोभन नसेल, तर मोठा समूह आपल्या सामायिक हितासाठीही एकत्र येत नाही. एवढ्या मोठ्या सिद्धांताशी भिडण्याचे बळ एका भूजलसाठ्याच्या बारकाईने केलेल्या अभ्यासात असते, हे पाहून मला फार धीर आला.

गणिताचे माझेही तसेच आहे, म्हणून रोज सकाळी दोन तास रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र करते. काल वहीत रिग्रेशनचे, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मोजण्याचे, समीकरण पहिल्यांदाच कुठेही न पाहता मांडता आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याखाली लिहिलेली शंका: जिथे पाणीवापर संस्था (कालव्याचे पाणी आपसात वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था) चांगली चालते तिथे पाणी नीट मिळते, की जिथे मुळातच पाणी मुबलक असते तिथे संस्था चालवणे सोपे जाते? ही शंका मला राज्यशास्त्राच्या वाचनातून आली असती, असे वाटत नाही. आणि संस्थेच्या सभेत कोण बोलतो व कोण गप्प बसतो, हे समीकरण मला सांगणार नाही. दोन्ही शिकण्याला पर्याय नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

रात्री जेवणानंतर सहावा खर्डा सुरू केला. पहिले वाक्य आता असे आहे: 'कालव्याला पाणी कमी सुटते त्या वर्षी शेवटच्या टोकाचे शेतकरी पाणीवापर संस्थेपासून दूर जातात, की तिच्या सभांना अधिक संख्येने येतात?' ते अधिक संख्येने येतात, असा माझा अंदाज आहे. त्याखाली पेन्सिलीने लिहिले, 'टंचाईच्या वर्षी टोकाकडच्या सभासदांची उपस्थिती वाढलेली दिसली नाही, तर मी चुकले.'

आता सभांच्या जुन्या हजेरीवह्या कोणी जपून ठेवल्या आहेत का, हे आधी शोधायला हवे. त्यासाठीची पत्रे उद्या लिहायला घेईन.