ती कधी जाणार?

निघायला पाच आठवडे उरले होते. विस्थापित कुटुंबांतल्या मुलांसाठी चालणाऱ्या एका परदेशी केंद्रात सहा आठवडे नाटक आणि चित्रकला घ्यायला मी स्वयंसेवक म्हणून जाणार होते. व्हिसा, लसी, विमा, पोलीस पडताळणी, सगळं मार्गी लागलं होतं. बालसंरक्षण धोरण वाचून प्रत्येक पानावर सही केली होती. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, मुलाचं पूर्ण नाव केंद्राबाहेर न्यायचं नाही, परतल्यावर समाजमाध्यमांवरून खासगी संपर्क ठेवायचा नाही. या अटी मला मनापासून पटल्या होत्या. राहिली होती फक्त स्वतःची ओळख, आणि तीच मला सगळ्यांत सोपी वाटत होती.

तिथल्या समन्वयक बाईंनी एक पान मागितलं होतं. मी लिहिलं: चौदा वर्षांचा अनुभव, शिक्षण, बसवलेली नाटकं, कोणकोणत्या वयोगटांबरोबर काम केलं ते. शेवटी एक वाक्य, ‘मुलांना त्यांचा आवाज मिळवून द्यायला मी येते आहे.’ दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. पान आमच्या फायलीसाठी ठीक आहे, पण शेवटचं वाक्य काढा, आमच्या मुलांना आवाज आहे. शनिवारी व्हिडिओ कॉलवर मुलांशी बोलाल तेव्हा यातलं काही वाचू नका.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले. ते वाक्य मी कितीतरी अर्जांत लिहिलं होतं. मुलांकडे काही नाही आणि मी ते घेऊन येते आहे, असा त्याचा अर्थ होतो हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं. कलम ३१ खेळण्याचा आणि कलाजीवनात भाग घेण्याचा. ही कलमं मी शिक्षकांच्या कार्यशाळांत अनेकदा समजावली आहेत. जो हक्क आधीपासून मुलाचा आहे, तो मिळवून देणारी मी कोण?

शुक्रवारी दुभाषी बाईंशी बोलणं झालं. त्यांनी दिलेला तासभर मला फार मोलाचा वाटतो. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, म्हणाल्या. बोलताना माझ्याकडे बघू नका, मुलांकडे बघा. म्हणी आणि शब्दांचे खेळ नकोत. तुम्हाला दहा मिनिटं असतील तर पाचच समजा, उरलेली पाच माझी. मग मी खेळांत वापरणार होते ते हातवारे त्यांनी एकेक करून बघितले आणि दोन काढायला लावले. त्यातला एक साधा, अंगठा वर करण्याचा. बऱ्याच ठिकाणी तो शाबासकीचा असतो, काही ठिकाणी चक्क शिवी.

शनिवारी कॉल लागला. दालनाच्या एका टोकाला मोबाइल ठेवला होता, त्यामुळे वीसएक मुलं आणि सगळ्यांचे चेहरे अगदी लहान. मी माझं नाव सांगितलं. मला चित्रं काढायला आणि माणसांच्या हालचाली बघायला आवडतं, एवढंच म्हणाले. मग आरशाचा खेळ सुरू केला. एकानं हालचाल करायची, समोरच्यानं तिचं प्रतिबिंब व्हायचं. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना असे खेळ घडवले. भाषा एक नसलेल्या मुलांना एकत्र खेळता यावं, ही त्यामागची गरज. म्हणूनच तो निवडला होता.

पण कॉलमध्ये दोन सेकंदांचा उशीर होता. मी हात वर नेला, मुलांचा हात वर दिसेपर्यंत माझा खाली आलेला. दोनदा केलं, जमेना. मग मागच्या रांगेतला एक मुलगा उठून पुढे आला आणि त्यानंच हात हलवायला सुरुवात केली. मी त्याच्यामागून जाऊ लागले. उशीर आता माझ्या बाजूला होता आणि मुलांना तो स्पष्ट दिसत होता. मुलं हालचाल करून थांबायची, श्वास रोखून बघायची आणि माझा हात पोचला की एकदम हसायची. मग एक मुलगी तर डोळे मिटून उभी राहिली, मी कधी डोळे मिटते ते दुसऱ्यांनी तिला सांगायचं. सात-आठ मिनिटं तेच शिक्षक होते. माझ्या चौदा वर्षांत ओळखीचा इतका चांगला तास झालेला मला आठवत नाही.

शेवटी दुभाषी बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का? पहिला प्रश्न त्या डोळे मिटणाऱ्या मुलीचा आला. बाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी तो जसाच्या तसा सांगितला. ‘ती कधी जाणार?’

मी अजून पोचलेही नव्हते.

मी तारीख सांगितली. तिथे पोचल्यापासून सहा आठवड्यांनंतरची. ‘परत येईन’ हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले, कारण ते माझ्या हातात नव्हतं. तिनं लगेच दुसरा प्रश्न केला, ‘जाताना आमची चित्रं नेणार का?’ आधीच्या कुणीतरी पाहुण्यानं प्रदर्शनासाठी म्हणून चित्रं नेली होती आणि ती परत आली नव्हती, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, नाही. चित्रं तुमची, ती इथेच राहतील.

त्या रात्री मला चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस आठवत होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना नाझींच्या तेरेझिन इथल्या छावणीत आणलं गेलं. तिथे त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली आणि प्रत्येकाला आपल्या चित्रावर नाव लिहायला लावलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली होती. ती चित्रं काढणारी बरीचशी मुलं वाचली नाहीत, त्यांची नावं मात्र कागदावर राहिली. नाव बाहेर नेऊ नका हा आमचा नियम आणि नाव लिहाच हा त्यांचा आग्रह, दोन्ही मला एकाच काळजीतून आलेले वाटतात. मी ठरवलं, नाव मुलानंच चित्रामागे लिहायचं आणि चित्र केंद्राच्या कपाटात ठेवायचं. किल्ली तिथल्या शिक्षकांकडे.

रविवारी मी ओळखीचं पान नव्यानं लिहिलं. माझं नाव. आपण काय खेळणार. मी कधी येणार आणि कधी जाणार. मी गेल्यावर तास कोण घेणार. या शेवटच्या ओळीसाठी केंद्रातल्या दोन शिक्षकांना विचारावं लागलं आणि त्यापायी माझं सगळं वेळापत्रकच बदललं. पहिले दोन आठवडे तास मी घेणार, मधले दोन आम्ही मिळून, शेवटचे दोन ते घेणार आणि मी मागे बसणार.

संध्याकाळी समन्वयक बाईंचा निरोप आला. मुलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या दोन्ही तारखांना गोल केले होते. त्या मुलीनं मधले दिवस मोजले होते, केंद्र बंद असतं तो वार सोडून. ३६.

माझ्या वहीत ४२ लिहिलेले होते. मी ते खोडले आणि वेळापत्रक पुन्हा मांडायला घेतलं.