आधी कोणाकडे बघायचं

29 मार्च 2025, शनिवार. रात्र.

कालपासून फोन सारखा वाजतोय. आमचा जुना फुटबॉलचा ग्रुप महिनोन्‌महिने वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे हलत नाही, तो एकदम जागा झाला. स्पेनमधल्या कॅटालोनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने ब्राझीलचा फुटबॉलपटू दानी आल्वेसची बलात्काराच्या खटल्यातली शिक्षा रद्द केली, तीही एकमताने. पहिला मेसेज आला, "सांगितलं होतं ना!" मग हार, फटाके, त्याचे जुने गोल, आणि तक्रार करणाऱ्या त्या बाईबद्दल दोन वाक्यं. ती मी इथे लिहीत नाही.

मीही टाइप करायला घेतलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, आधी 2023 ची वही काढली. 20 जानेवारी, शुक्रवार. अक्षर घाईत काढलेलं. नोंद अशी:

"दानीला बार्सिलोनात अटक. पुमासने त्याच दिवशी करार मोडला, एवढी कसली घाई? विश्वासच बसत नाही. यामागे नक्की पैसा असणार. झोप येत नाही."

तीन वेळा वाचलं. त्यात दानी आहे, त्याचा मेक्सिकोतला क्लब आहे, मी आहे, माझी झोपसुद्धा आहे. ती नाही. असलीच तर "पैसा" या एका शब्दाच्या आड आहे. आणि मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नाही, की आपल्याला नुकसानभरपाई नको असं तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं.

हे मी का लिहिलं असेल याचा आज दिवसभर विचार करतोय. मला तो माणूस फार आवडायचा. राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, असून तो मेस्सीच्या उजवीकडून असा सुसाट वर जायचा की मागे मोकळी जागा पडलीय याची काळजी आपल्याला वाटावी, त्याला नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये व्हिलारियलच्या मैदानात प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला वर्णावरून हिणवायला केळं फेकलं. त्याने ते उचललं, सोललं, एक घास खाल्ला आणि कॉर्नर मारला. त्या रात्री मी ठरवूनच टाकलं होतं की हा माणूस मनाने मोठा आहे. 2022 च्या डिसेंबरात, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो कॅमेरूनविरुद्ध ब्राझीलचा कॅप्टन म्हणून उतरला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. महिनाभरही झाला नाही तोच बार्सिलोनातल्या नाइटक्लबची ती रात्र आली, जिच्यावरून हा खटला उभा राहिला.

खेळ बघून माणूस कळतो असं आपण धरून चालतो. मला त्याचा क्रॉस कुठे पडणार हे कळायचं. बंद दाराआड तो कसा वागतो हे कळायचा काहीही मार्ग माझ्याकडे नव्हता. तरी मी लिहिलं, "नक्की."

आज वाचताना एक गोष्ट सापडली, ती मनातून जात नाही. बार्सिलोना शहराने 2018 मध्ये नाइटक्लबांसाठी एक नियमावली केली, नाव "नो कायेम", म्हणजे "आम्ही गप्प बसणार नाही". असा प्रकार घडला तर क्लबच्या कर्मचाऱ्यांनी काय करायचं ते त्यात आहे. त्यातलं पहिलं सांगणं असं की ज्या व्यक्तीवर अत्याचार झाल्याचं समजतं तिच्याकडे आधी लक्ष द्यायचं, आरोपीचा पाठलाग करत बसायचं नाही. त्या रात्री तसंच झालं. रडणाऱ्या त्या मुलीला कर्मचाऱ्यांनी बाजूला नेलं, तिचं ऐकून घेतलं, पोलिसांना बोलावलं, तिला हॉस्पिटलात पाठवलं. खरं काय नि खोटं काय, हे त्यांना ठरवायचं नव्हतं. फक्त आधी कोणाकडे बघायचं हे त्यांना माहीत होतं. माझी नजर पहिल्या क्षणापासून दानीवर होती.

आता निकालाबद्दल, कारण मला त्याच्यावरही अन्याय करायचा नाही. 22 फेब्रुवारी 2024 ला खालच्या न्यायालयाने त्याला साडेचार वर्षं दिली. तो चौदा महिने तुरुंगात राहून दहा लाख युरोच्या जामिनावर बाहेर आला. काल वरच्या न्यायालयाने म्हटलं की तिच्या जबाबातला जो भाग कॅमेऱ्यांच्या चित्रणाशी ताडून पाहता येतो तो जुळत नाही, आणि निर्दोषत्वाचं गृहीतक मोडायला एवढा पुरावा पुरेसा नाही. कायदा असाच असला पाहिजे, हे मी मनापासून म्हणतो. संशय उरला तर माणसाला डांबून ठेवू नये. तो आज निर्दोष आहे. पण त्याच निकालात असंही आहे की बचाव पक्षाची बाजू खरी ठरली असं न्यायालय म्हणत नाही. म्हणजे "गुन्हा सिद्ध झाला नाही" हे न्यायालयाचं वाक्य आहे, "ती खोटारडी" हे आमच्या ग्रुपचं. या दोन वाक्यांमधलं अंतर आम्ही एका रात्रीत बुजवून टाकलं.

आणि आम्ही कायद्याला मानतो म्हणून हे बोलतो, असंही नाही. त्याच 2023 च्या जानेवारीत, दानीच्या अटकेच्या आठवडाभर आधी, मँचेस्टर सिटीचा बेंजामिन मेंडी लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक आरोपांतून सुटला होता. उरलेल्या दोनांतूनही जुलैत सुटला. त्याच्यावर 2021 मध्ये आरोप लागले तेव्हा आमच्याच ग्रुपने त्याला त्याच दिवशी दोषी ठरवलं होतं. तो आमचा नव्हता ना. ज्युरीने त्याला सोडलं त्या दिवशी "चुकलो" असं कोणी लिहिलं नाही. मीही नाही. आपला तो निरपराध, परका तो गुन्हेगार, आणि बाई दोन्हीकडे जिथल्या तिथे.

वेल्सचा फुटबॉलपटू चेड इव्हान्सचं प्रकरणही आज परत वाचलं. 2012 ला बलात्काराबद्दल शिक्षा, 2016 ला ती रद्द, फेरखटल्यात सुटका. त्यालाही आपली वर्षं परत मिळणार नाहीत. पण मधल्या काळात चाहत्यांनी काय केलं? इंग्लंडमध्ये अशा तक्रारदाराचं नाव आयुष्यभर गुप्त ठेवायचा कायदा आहे. तरी तिचं नाव ट्विटरवर फिरवलं गेलं, त्यासाठी नऊ जणांना प्रत्येकी 624 पौंड भरावे लागले. त्याच्या जुन्या क्लबने, शेफील्ड युनायटेडने, त्याला परत घेतलं तर स्टँडवरचं माझं नाव काढा, एवढंच ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल म्हणाली, तर तिलाच बलात्काराच्या धमक्या आल्या. खटला तिचा नव्हताच. न्यायालयाने पुढे काहीही ठरवलं असतं तरी या धमक्या कशाने बरोबर ठरणार होत्या?

सगळ्यात जास्त त्रास मला सुंदरलंड या इंग्लिश क्लबच्या गोष्टीने झाला. त्यांच्या अॅडम जॉन्सनला एका अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याच्या संशयावरून मार्च 2015 मध्ये अटक झाली, पण तो जवळपास वर्षभर खेळत राहिला. 6 फेब्रुवारी 2016 ला लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर त्याने फ्री किकवर गोल मारला. ती मॅच मी पाहिली होती, ओरडलोही होतो. चार दिवसांनी खटला सुरू झाला आणि त्याने दोन आरोप स्वतःच कबूल केले. मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी पंधरा वर्षांची, सुंदरलंडचीच चाहती, त्याच्या सहीसाठी थांबणारी. तो गोल झाला तेव्हा स्टेडियममध्ये नाचणाऱ्यांच्या अंगावर जी जर्सी होती, तीच तिचीही.

वेगळं वागता येतं, तेही घडलंय. स्कॉटलंडच्या रेथ रोव्हर्स क्लबने 2022 च्या जानेवारीअखेरीस डेव्हिड गुडविलीला घेतलं. 2017 मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याला बलात्कारी ठरवलं होतं. महिला संघाच्या कॅप्टनने राजीनामा दिला, आयुष्यभराची चाहती असलेल्या लेखिका व्हॅल मॅकडर्मिड यांनी प्रायोजकत्व काढून घेतलं, क्लबच्याच चाहत्यांनी आवाज उठवला, आणि काही दिवसांत क्लबला जाहीर करावं लागलं की तो खेळणार नाही. आपल्याच क्लबच्या विरोधात उभं राहायला किती बळ लागत असेल. मला साधा ग्रुपमध्ये एक मेसेज लिहिता आला नव्हता.

तो कुठला मेसेज, तेही लिहून टाकतो. आमच्या ग्रुपमध्ये एकच मुलगी होती. आमच्या टीमची लेफ्ट विंगर, आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा चांगली खेळायची. दानीच्या अटकेच्या दिवशी शंभरेक मेसेज पडल्यावर तिने एक ओळ लिहिली, "अरे, ती मुलगी कशी आहे हे कोणीच विचारलं नाही." उत्तर म्हणून एकाने हसरा चेहरा टाकला. दुसऱ्याने, "झालं सुरू." मी वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. दोन दिवसांनी ती ग्रुपमध्ये नव्हती. त्यानंतर आम्ही बोललो, कामापुरतं. का सोडलास ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

कपाटात दानीची जर्सी आहे. धुऊन धुऊन पाठीवरच्या नावातला शेवटचा एस निम्मा सुटलाय. आज काढली, बघितली, परत घडी करून ठेवली. तिचं काय करायचं ते आज ठरत नाही, आणि तो प्रश्न तेवढा मोठाही नाही.

मघाशी तिला मेसेज लिहायला बसलो. पहिला मोठा होता, मला किती वाईट वाटतंय, माझं कसं चुकलं. वाचून पाहिला तर सगळीकडे मीच. खोडला. मग एवढंच पाठवलं, "तेव्हा ग्रुप का सोडलास, सांगशील?"

पाच मिनिटांत उत्तर आलं.

"आत्ता विचारतोयस?"

आणि मग, "फोन कर. जागी आहे."