कोडॅकचा रोल स्विसमध्ये घ्यावा, जर्मनीत की फ्रान्समध्ये?

बाझेलमध्ये राहिलं की एक रोग लागतो. कुठलीही वस्तू हातात घेतली की डोक्यात तीन भाव चालू होतात. आठ नंबरची ट्रॅम पकडली की वाइल आम राइन, म्हणजे जर्मनी. तीन नंबरची पकडली की सँ-लुई, म्हणजे फ्रान्स. आणि घर इकडे स्वित्झर्लंडमध्ये. गणपतीला चार मराठी घरं जमली की आरती संपल्या संपल्या डायपर कुठे स्वस्त, चिकन कुठे स्वस्त, दही कुणाचं बरं हे सुरू होतं आणि त्यात सगळ्यांची मतं एकदम ठाम असतात. माझा रोग जरा वेगळ्या जातीचा आहे, कारण मी अजून फिल्मवर फोटो काढतो आणि रोलचे भाव तिन्ही देशांत बघत फिरतो. बायको म्हणते ह्यातच तुझा अर्धा छंद आहे, फोटो नावाला. पूर्ण खोटं नाहीये ते.

आधी आकडे सांगून टाकतो, कारण लोकांना तेच हवं असतं. हे सगळं साधारण आहे, दुकानागणिक एखाद युरो इकडेतिकडे. कोडॅक गोल्ड २००, म्हणजे साधी रंगीत फिल्म, छत्तीस फोटोंचा रोल: जर्मनीत तिनाचं पाकीट घेतलं तर साडेनऊ युरोच्या आसपास एक पडतो, फ्रान्समध्ये अकरा ते तेरा युरो, आणि बाझेलमध्ये फोटोच्या दुकानात चौदा फ्रँक. पोर्ट्रा ४००, म्हणजे कोडॅकचीच महागडी रंगीत फिल्म, जर्मनीत सोळा-सतरा युरो, फ्रान्समध्ये त्याहून थोडा जास्त, इकडे वीस फ्रँक. इल्फर्डचा ब्लॅक अँड व्हाइट रोल एचपी५ जर्मनीत नऊ युरो, इकडे बारा फ्रँक. फोमाचा ब्लॅक अँड व्हाइट रोल फोमापान १०० जर्मनीत सहा युरोला मिळतो. आणि हे वाचताना लक्षात ठेवा की फ्रँक युरोपेक्षा महाग आहे, म्हणजे चौदा फ्रँक म्हणजे जवळपास पंधरा युरो झाले. २०१५ च्या १५ जानेवारीपर्यंत स्विस सेंट्रल बँकेने एका युरोला किमान एक फ्रँक वीस असा टेकू लावून ठेवला होता, त्या दिवशी सकाळी तो काढला आणि काही मिनिटांत फ्रँक वर उडाला. त्यानंतर हद्दीपलीकडे पिशव्या घेऊन जाणारी गर्दी अजूनच वाढली. आता तर युरो एका फ्रँकच्याही खाली आहे.

यात गंमत काय आहे बघा. व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा टॅक्स, सगळ्यात कमी कुठे? स्वित्झर्लंडमध्ये, ८.१ टक्के. जर्मनीत १९, फ्रान्समध्ये २०. वर २०२४ च्या १ जानेवारीपासून स्विस सरकारने औद्योगिक मालावरची कस्टम ड्युटीच काढून टाकलीये, म्हणजे फिल्मवर ड्युटी शून्य. म्हणजे कागदावर बघितलं तर रोल इथेच सगळ्यात स्वस्त पाहिजे. पण नाही. माल तोच, कोडॅकचा सगळा रोल न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एकाच कारखान्यातून येतो, इल्फर्डचा इंग्लंडच्या मोबर्लीतून, फोमाचा चेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेत्स क्रालोवेहून. तिन्ही देशांच्या दुकानांत तोच डबा, फिल्मवर तोच रसायनांचा थर. फरक पडतो तो दुकानाच्या भाड्यात, काउंटरवरच्या माणसाच्या पगारात आणि, माझ्या मते सगळ्यात जास्त, मधल्या डिस्ट्रिब्युटरला स्विस गिऱ्हाइकाचा खिसा माहीत असण्यात. इथले लोक चौदा फ्रँक देतात, म्हणून चौदा फ्रँक लावतात, एवढा साधा हिशोब आहे.

ह्याच्यावर इथे राजकारण पण झालंय बरं का. २०२२ पासून कायदा आहे की बाहेरच्या ऑनलाइन दुकानाने स्विस गिऱ्हाइकाला अडवायचं नाही, त्याला महागड्या स्विस साइटवर ढकलायचं नाही. पण घरपोच द्यायलाच पाहिजे असं कायद्यात नाहीये! म्हणजे तुम्ही जर्मन भावात विकत घेऊ शकता, फक्त माल जर्मनीत जाऊन उचला. म्हणून वाइलमध्ये पार्सल घेऊन ठेवणारी दुकानं आहेत, एका पार्सलमागे थोडे युरो घेतात, आणि शनिवारी तिथे बाझेलच्या पाट्या लावलेल्या गाड्यांची रांग असते. घरी मागवायचंच असेल तर दुसरी एक फट आहे, स्विस व्हॅट पाच फ्रँकच्या आत येत असेल तर तो घेत नाहीत, म्हणजे शिपिंग धरून ६१-६२ फ्रँकपर्यंतचं पार्सल टॅक्स न भरता येतं. चार गोल्डचे रोल त्यात आरामात बसतात. पण शिपिंगच जर दहा-पंधरा युरो लावलं तर मग काय उपयोग, म्हणून मी सायकल काढतो.

आता हिरवा कागद. जर्मनीत खरेदी केली आणि तुम्ही युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असाल तर ते १९ टक्के परत मिळतात. दुकानात एक फॉर्म भरून देतात, लोक त्याला हिरवी चिठ्ठीच म्हणतात, त्यावर हद्दीवरच्या जर्मन कस्टमच्या खिडकीत शिक्का मारून घ्यायचा आणि पुढच्या वेळी दुकानात दाखवून पैसे घ्यायचे. पासपोर्ट भारताचा असला तरी स्विस रहिवासाचं परमिट दाखवलं की चालतं, राहता कुठे ते महत्त्वाचं. पूर्वी पाच युरोच्या शाम्पूला पण लोक शिक्का मारून घ्यायचे, मग २०२० पासून ५० युरोच्या वरचंच बिल पाहिजे असा नियम केला. रांगेत मागे उभ्या असलेल्या जर्मन आज्जींचा चेहरा हिरवा कागद निघाला की कसा होतो ते बघण्यासारखं असतं, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तर गोल्डची दोन पाकिटं, सहा रोल, ५७-५८ युरो. ५० च्या वर गेलं, चिठ्ठी मिळाली, नऊ युरोच्या आसपास परत. म्हणजे सहा रोल साधारण ४९ युरोला, फ्रँकमध्ये धरले तर पंचेचाळीस-शेहेचाळीस. तेच बाझेलमध्ये घेतले असते तर ८४. (टीप: १९ टक्के परत म्हणजे बिलाच्या १९ टक्के नव्हे, तो टॅक्स मूळ किमतीवर असतो, त्यामुळे बिलाचे सोळा टक्केच हातात येतात. दर वेळी कोणीतरी ह्यावरून माझ्याशी वाद घालतं.) फ्रान्समध्ये पण अशी सोय आहे पण तिथे शंभर युरोच्या वर बिल लागतं आणि दुकानाने त्या योजनेत असायला लागतं, आणि मधली कंपनी तिचा वाटा कापून घेते. मी फ्रान्सच्या नादी लागत नाही. वाइलहून फ्रान्समधल्या उनिंगला जायचा तो पादचारी पूल मात्र मस्त आहे, २००७ साली झाला, ऱ्हाइनवर एका कमानीत उभा आहे, मधे उभं राहिलं की तीन देश दिसतात आणि रोल संपतो.

एक अडचण नवीन आहे. स्विस हद्दीत माणशी दिवसाला ३०० फ्रँकचा माल टॅक्सशिवाय आणता यायचा, तो २०२५ च्या १ जानेवारीपासून १५० केलाय. आणि १५० च्या वर गेलात तर वरच्या रकमेवर नाही, सगळ्याच्या सगळ्यावर टॅक्स. पोर्ट्राची पाचाची दोन पाकिटं घेतली की तुम्ही काठावर आलात. त्यात महिन्याचा किराणा त्याच दिवशी केला तर संपलंच. आमच्याकडे यावरून घरात दोन पक्ष आहेत, चीज की पोर्ट्रा.

पण इतकं सगळं करून खरं सांगू का, रोलच्या भावात सुटणारे पैसे हा या गोष्टीतला छोटा भाग आहे. मोठा फरक रोल धुवायच्या खर्चात आहे, आणि फिल्मच्या भावांची तुलना करताना लोक तोच विसरतात. बाझेलमध्ये लॅबला रंगीत रोल दिला, धुलाई आणि बरे स्कॅन धरून, तर पंचवीस फ्रँक कुठे गेले कळत नाही. म्हणजे चौदाचा रोल आणि पंचवीसची धुलाई, एका फोटोला फ्रँकच्या वर. आणि तो फोटो पण हललेला निघतो. जर्मनीत मात्र डीएम, रॉसमनसारख्या ड्रगस्टोअरमध्ये अजून ती जुनी पाकिटांची पद्धत चालू आहे. साबण-टूथपेस्टच्या पुढे कोपऱ्यात एक स्टँड असतो, पाकीट घ्यायचं, नाव लिहायचं, रोल आत टाकून चिकटवायचं, कडेची पावती फाडून ठेवायची आणि पाकीट खाली पेटीत टाकून द्यायचं. माणसाशी बोलायची गरजच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी जाऊन ड्रॉवरमधून आपलं पाकीट शोधून घ्यायचं. निगेटिव्ह आणि छोटे प्रिंट मिळून पाच-सात युरो! लहानपणी गावात स्टुडिओत रोल टाकायचो तसंच जवळजवळ, फक्त इथे पाकीट कुठल्यातरी मोठ्या लॅबला जातं. स्कॅन फार मोठे मिळत नाहीत, त्यामुळे मी नुसती निगेटिव्ह घेतो आणि घरी डिजिटल कॅमेऱ्याने स्कॅन करतो. ब्लॅक अँड व्हाइट तिकडे देत नाही, ते बाथरूममध्ये स्वतः धुतो, त्याला केमिकल सोडून खर्च नाही.

हा हिशोब केला की चित्र पार बदलतं. जर्मन रोल, जर्मन धुलाई, घरचा स्कॅन: फोटोमागे चाळीस सेंटच्या आसपास. स्विस रोल, स्विस लॅब: तिप्पट. आणि फोमापान घरी धुतला तर वीस-पंचवीस सेंटच्या आत, मग तो कुठल्याही देशात घ्या. म्हणून कोणी नवीन माणूस मला विचारतो ना की रोल कुठून घेऊ, मी आधी विचारतो की धुणार कुठे.

या सगळ्यात मला एक गोष्ट मात्र खटकते, की ज्या शहरात रोल इतका महाग आहे त्या शहराचा फोटोग्राफीशी जुना संबंध आहे. सिबाक्रोम ऐकलंय का? स्लाइडवरून थेट प्रिंट काढायचा कागद, रंग असे की अजून जुने फोटोग्राफर उसासे टाकतात. त्यातलं 'सिबा' म्हणजे इथलीच बाझेलची सिबा कंपनी, जी पुढे सिबा-गायगी झाली आणि १९९६ साली सँडोझबरोबर मिळून नोव्हार्टिस ही औषध कंपनी झाली. बाझेलचा मूळ धंदा कापडाच्या रंगांचा, आणि सिबाक्रोममध्ये तेच अ‍ॅझो नावाचे रंग कागदाच्या थरांत आधीच भरलेले असायचे, प्रोसेसिंगमध्ये नको तिथले उडवून टाकायचे. म्हणून ते प्रिंट लवकर फिके पडत नाहीत. तो कागद फ्रिबूरजवळच्या मार्लीत व्हायचा, तो कारखाना २०१३ च्या शेवटी दिवाळखोरीत गेला. आता नोव्हार्टिसमध्ये काम करणारे माझे ओळखीचे आहेत, त्यांना हे सांगितलं तर म्हणतात, हो का? बरं.

जर्मनीच्या बाजूला बघितलं तर वोल्फेनमध्ये आग्फा कंपनीने १९३६ ला रंगीत फिल्म आणली, युद्धानंतर तो भाग पूर्व जर्मनीत गेला आणि तिथला माल १९६४ पासून ओर्वो नावाने निघायला लागला. हा ओर्वो आपल्याकडे पण यायचा, आपल्या सिनेमावाल्यांनी पण वापरलाय. आपल्याकडे ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, इंदू नावाने फिल्म काढायची, ती पण गेली. म्हणजे आज युरोपात जवळपासचा फिल्मवाला शोधायचा तर उदाहरणार्थ जर्मनीतला अ‍ॅडॉक्स किंवा चेक फोमा, आणि रंगीत रोलसाठी बहुतेक वेळा शेवटी अटलांटिक ओलांडून रॉचेस्टरलाच जावं लागतं. जपानी कंपनीचं नाव असलेला फुजीफिल्म २०० चा डबा उलटा करून बघा, त्यावर 'मेड इन यूएसए' आहे. मग सीमा ओलांडून स्वस्त होणार तरी किती? एक कारखाना भाव वाढवतो आणि तिन्ही देशांत एकदम वाढतो.

पुण्याचा मित्र दर वेळी म्हणतो, अरे येताना गोल्ड आण ना दहा-बारा. तिकडे एक रोल हजाराच्या वर जातो, इकडून टॅक्स कापून साडेआठशेच्या आत पडतो, त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण विमानतळावर आता नवीन सीटी स्कॅनर आलेत, त्यातून फिल्म गेली की धुरकटते, आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) कमी असला तरी. कोडॅक आणि इल्फर्ड दोघंही सांगतात की हातानेच तपासून घ्या. चेक-इन बॅगेत तर चुकूनही टाकायचे नाहीत. म्हणून डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवतो आणि सिक्युरिटीला नम्रपणे विनंती करतो. काही माणसं हसून तपासतात, काही इतकी वैतागतात की पोर्ट्राचं सोडा, आपलाच एक्स-रे काढतील असं वाटतं.

पुढच्या शनिवारी वाइलला चक्कर आहे, बाझेलमधल्या कुणाला हवे असतील तर गुरुवारपर्यंत कळवा. गोल्ड आणि फोमा आणतो. पोर्ट्रा नाही आणणार, किराणा पण आहे यावेळी.