पद्मिनीची नोंद ११ : पंप निर्दोष आहे

सापडलं! गणपतीच्या आधी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी मांगरातून (घराजवळच्या शेडमधून) बाहेर काढली तेव्हापासून जे शोधत होतो ते काल संध्याकाळी हाताला लागलं. ते पंपात नव्हतं, कार्बुरेटरमध्ये नव्हतं, कॉइलमध्ये तर नव्हतंच. टाकीच्या मागच्या नळीत बसलेलं पेराएवढं मातीचं बूच होतं.

मागच्या तीन नोंदींमुळे लक्षणं तुम्हाला पाठ असतील. तरी ती पुन्हा एका जागी मांडतो, कारण त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हेच मला दिसत नव्हतं. सकाळी गार इंजिनावर चोक पूर्ण ओढूनही दहा-बारा वेळा सेल्फ मारावा लागायचा. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बुरेटरमधली पेट्रोलची वाटी, कोरडं. दुपारी अंगणात उन्हात उभी असली की बरोबर उलट, बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास, कार्बुरेटरच्या अंगावर ओल, प्लग भिजलेले. आणि एकदा चालायला लागली की तीन ते सात किलोमीटर काही तक्रार नाही, मग चढावर उचक्या, मग बंद. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.

मी हे तीन वेगळे आजार धरले. सकाळसाठी पंपाचा डायफ्राम आणि व्हॉल्व्ह बदलले. दुपारसाठी नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबर भरलं की पेट्रोल अडवणारी सुई, बदलला. चढासाठी ठिणगीचा दोष धरून कॉइल आणि कंडेन्सर बदलले, पॉइंटची गॅप पुन्हा लावली. यातला कंडेन्सरचा खर्च मला आज सर्वांत जास्त टोचतो, कारण गाडी मेली त्याच क्षणी तपासलेली ठिणगी निळी आणि जाड होती. तिथेच करंटची फाइल बंद करायला हवी होती.

नीडल व्हॉल्व्हबद्दल थोडं बोलतोच. मुंबईहून मागवलेल्या नव्या किटमधलं पितळ इतकं मऊ निघालं की दोन आठवड्यांत सीटवर कडा उमटली. जुना मूळ व्हॉल्व्ह नखाएवढ्या ग्राइंडिंग पेस्टने घासून परत बसवला, तो आजही थेंब सोडत नाही. जुन्या सोलेक्स कार्बुरेटरचं मूळ पितळ तुमच्याकडे असेल तर नवं किट आल्याच्या आनंदात ते फेकू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणारा वापरलेला पण मूळ भाग मला दहापैकी आठ वेळा चकचकीत पाकिटातल्या भागापेक्षा बरा निघाला आहे.

आता जयगडच्या जेटीकडे. नोंद ९ मध्ये लिहिलं होतं, गुहागरला जायला तवसाळच्या फेरीच्या रांगेत उभा होतो आणि गाडी मेली. कॅनमधलं दोन लिटर पेट्रोल टाकीत ओतलं, पहिल्या सेल्फला सुरू. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष तुम्ही वाचलाच आहे. गेज खोटं दाखवतंय, टाकीत पेट्रोलच कमी होतं. मग गेजचा सेंडर (टाकीतली पातळी मोजणारा भाग) काढला, फ्लोट तपासला, आठवडा गेला. खरं तर झाकण फिरवताना 'फस्स' असा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. ऊन आहे, वाफ सुटली असेल, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो. तो हवा आत शिरण्याचा आवाज होता.

त्यानंतर घरी केलेली प्रत्येक चाचणी गाडी पास झाली. पेट्रोल लाइन पंपापाशी सोडवून सायकलच्या पंपाने मागे हवा मारली. टाकीत बुडबुडे ऐकू आले, लाइन साफ. बुडबुडे ऐकू यावेत म्हणून टाकीचं झाकण काढून ठेवलं होतं. कार्बुरेटरकडचा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारला, पेट्रोलची धार झकास आली. नुकतंच पेट्रोल भरलं होतं, झाकण बाजूला होतं. गाळणी बघायला टाकी उतरवली तेव्हा तर प्रश्नच नव्हता. तपासायला म्हणून मी जे जे केलं त्यात आधी झाकण उघडलं, आणि झाकण उघडलं की दोष नाहीसा. दोन महिने मी बऱ्या झालेल्या गाडीची तपासणी करत होतो.

वैतागून मागच्या आठवड्यात ठरवलं की टाकीच बाजूला ठेवून बघायचं. जयगडच्या खाडीत होडी असलेले एक ओळखीचे दादा आहेत, त्यांच्याकडून आउटबोर्ड इंजिनाची लाल प्लास्टिकची सुटी टाकी मागून आणली. नळीत दाबायचा रबरी फुगा असतो ना, ती. डिकीत पट्ट्याने आवळून बांधली आणि तिची नळी गाडीच्या लाइनला जोडली. पंप तोच, लाइन तीच, कार्बुरेटर तोच, फक्त टाकी वेगळी. (अग्निशामक सिलिंडर मांडीजवळ होता. कुणी करणार असाल तर त्याशिवाय करू नका.) मालगुंडहून आरे-वारेपर्यंत गेलो आणि परत आलो. आरे-वारेचा तो चढ तिने तिसऱ्या गिअरमध्ये असा चढला की वर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन मी नुसता समुद्र बघत बसलो. वर्षभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

म्हणजे दोष टाकीत. नवी टाकी बनवून घ्यायची, कोल्हापूरला उद्यमनगरात माप द्यायचं, इथपर्यंत बेत ठरला.

दुसऱ्या दिवशी तीच सुटी टाकी लावून पुन्हा निघालो आणि गणपतीपुळ्याच्या अलीकडे गाडी मेली. हुबेहूब त्याच उचक्या, तोच शेवटचा झटका. दादांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, टाकीचा वारा सोडलाव ना?" त्या टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. वाहतुकीत घट्ट ठेवायचा, इंजिन चालवताना सैल करायचा, नाहीतर पेट्रोल उपसलं जातं तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला काही ओढता येत नाही. आदल्या दिवशी तो सैल होता. त्या दिवशी मी तो घट्ट करून विसरलो होतो. रस्त्याच्या कडेला तो स्क्रू फिरवला. फस्स. जेटीवरचा तोच आवाज.

घरी येऊन थेट गाडीखाली शिरलो. माझ्या पद्मिनीला आधीच्या मालकाने कुलपाचं झाकण बसवलेलं आहे, त्याला हवेचं भोक नाही. त्याऐवजी कुणीतरी टाकीला तांब्याची बारीक नळी झाळून ती खाली चॅसीपाशी सोडली आहे. तिच्या तोंडाशी बोट फिरवलं तर गुळगुळीत माती. क्लच केबलची तार वाकवून बाहेरच्या बाजूला ओढत ओढत काढली. आत मारायची नाही, नाहीतर ती माती टाकीत जाते. एकामागे एक तीन बुचं निघाली आणि त्यांच्या मधे वाळलेले कोळी. कुंभारीण, मातीचं घर करणारी माशी! पावसाळ्यात गाडी चार महिने मांगरात उभी होती, बाहेर चिखल हवा तेवढा, आणि पेन्सिलीएवढी नळी तिला आयतीच मिळाली. कोळी तिने पिल्लांच्या अन्नासाठी भरून ठेवले होते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर अशाच माश्यांनी विमानांच्या वेग मोजणाऱ्या नळ्या बुजवल्या होत्या, हे पूर्वी वाचलं होतं. स्वतःच्या गाडीशी ते जोडून बघायचं मात्र सुचलं नाही.

आता तिन्ही लक्षणं या एका बुचाशी जुळतात. चालवताना पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, जागा भरायला हवा येत नाही, गाडी उपाशी मरते. थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपते, पुन्हा पाच किलोमीटर. दुपारी बंद टाकी तापली की आतला दाब वाढून पेट्रोल पंपाच्या व्हॉल्व्हमधून पुढे ढकललं जातं आणि नीडलला भारी पडतं, म्हणून ओल. रात्री टाकी गार झाली की उलटी ओढ लागते. चेंबरमधलं पेट्रोल मागे जात नाही, कारण ते चेंबरमध्ये वरून पडतं. ते गरम इंजिनावर उडून जातं. पण चेंबर पुन्हा भरायची लाइन पार मागेपर्यंत रिकामी, म्हणून दहा-बारा सेल्फ. सकाळी तीन किलोमीटरवर मरणारी गाडी दुपारी सात काढायची, त्याचंही हेच कारण. दुपारी टाकीत दाब शिल्लक असायचा.

आज सकाळी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली. चोक अर्धाच.

पुढचं. इलेक्ट्रिक पंप बसवायचा बेत रद्द. मूळ यांत्रिक पंप पूर्ण निर्दोष होता आणि मी त्याला उगाच दोनदा उघडलं. कोल्हापूरची टाकीही रद्द. मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक पायरी मोठा करायचं मागच्या नोंदीत पक्कं केलं होतं, कारण प्लग पांढरट येत होते आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास, म्हणजे जुन्या जेटवर गाडी 'लीन' (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालणार हे खरंच आहे. पण ते पांढरे प्लग उपाशी गाडीचेही असू शकतात. तेव्हा जेटला आत्ता हात लावत नाही. नवे प्लग टाकून शंभर किलोमीटर चालवतो, मग रंग बघतो. रबरी नळ्या मात्र इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या, त्या राहतील. जुन्या आतून फुगून अर्ध्या झाल्या होत्या.

नळीच्या तोंडाला पितळी जाळी बसवली. इथपर्यंत लिहिताना वाटत होतं की होडीसारखा हवेचा स्क्रूच बसवावा, पावसाळ्यात मांगरात उभी असताना बंद, चालवायच्या मोसमात उघडा. आपल्या दमट हवेत इथेनॉल पाणी पितं, यंदा टाकीच्या तळातून बाटलीत काढलेल्या पेट्रोलचे दोन थर स्पष्ट दिसले होते. पण बंद टाकी तापली की पुन्हा दाब, पुन्हा नीडलवर भार. स्क्रू नको. मृगाआधी टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवायची, आणि जाळी दर महिन्याला हाताने तपासायची.

कुलपाचं झाकण मला तसंही काढायचंच आहे. कुणाकडे पद्मिनीचं मूळ झाकण असेल तर त्याच्या आतल्या बाजूचा फोटो टाका, हवेचं भोक नेमकं कुठे आणि केवढं आहे ते बघायचंय. रविवारी साखरप्यावरून आंबा घाट चढून बघणार आहे.