गॅझेटिअर उघडण्याआधी

आज सगळा दिवस प्रबंधांच्या तळटिपा तपासण्यात गेला. मूळ कागद न बघता आकडा उचलायची एक चूक पुन्हा पुन्हा सापडली, म्हणून लिहितो.

बेळगाव जिल्ह्याचं 1884 चं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्याचा माहितीग्रंथ, दुय्यम साधन (इतरांच्या पुराव्यावरून लिहिलेलं) की प्राथमिक (स्वतःच त्या काळचा पुरावा)? ते तुमच्या प्रश्नावर ठरतं. हलशीच्या कदंब राजघराण्याबद्दल लिहिताना ते दुय्यमच, मूळ पुरावा ताम्रपट. पण इंग्रज अधिकाऱ्यांना हा मुलूख कसा दिसला हा विषय असेल, तर तेच प्राथमिक. त्यातली लोकसंख्या 1881 च्या शिरगणतीची, म्हणजे 1876-78 च्या दुष्काळानंतरची. ती 'नेहमीची' धरली की पुढची सगळी वाढ फुगलेली दिसते.

खरी गफलत आकड्यांच्या तुलनेत होते. 1951 चा बेळगाव जिल्हा आणि 1961 चा एकच नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला, तो आज महाराष्ट्रात आहे. 1951 च्या आकड्यातून तो वजा न करता टक्केवारी काढली की वाढ मुळातच कमी निघते, भाषेचं प्रमाणही हलतं. मग तो चुकीचा आकडा एका पुस्तकातून दुसऱ्यात जातो, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाच संदर्भ दिसतात, मूळ एकच! म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी तळटीप बघा, आकडा कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या हद्दीचा ते वहीत त्याच ओळीत टिपा. मूळ कागद स्वतः पाहिला नसेल तर 'अमुक ग्रंथात उद्धृत' असंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

सीमाभागावर लिहिणाऱ्या मुलांनी एवढं तरी कराच. आपल्याकडे एका चुकीच्या टक्क्यावरूनही वाद पेटतो.