आठवा रकाना, 'निल'

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत वर्षातून एकदा कामगारांचं मेडिकल चेकअप असतं, सहा-सात वर्षांपासून ते मी करतो. माझं क्लिनिक तिकडंच हिंगणा रोडला आहे त्यामुळे अर्धे लोक ओळखीचे, कोणाच्या पोराला मी खोकल्याचं औषध दिलेलं असतं, कोणाच्या आईची शुगर पाहत असतो. दिवसाला दीडशे माणसं आणि सात तास. हिशोब केला तर माणसामागं तीन मिनिटंपण येत नाहीत, त्यातच बीपी, छाती, पोट, तोंड, डोळे, सही, शिक्का.

त्या फॉर्मवर आठवा रकाना आहे, हर्निया आणि हायड्रोसिलचा, म्हणजे अंडकोषात पाणी भरतं त्याचा. त्यात मी वर्षानुवर्षं 'निल', म्हणजे काही नाही, लिहीत आलो. विचारायचो, "तिकडं काही त्रास?", मान फॉर्ममध्येच असायची, समोरचा नाही म्हणायचा, मी निल लिहायचो, पुढचा. पडदा होता, पण पडद्याच्या पलीकडं दहा जण शर्ट काढून उभे, अशा जागी कोण हो म्हणणार आहे. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसूनही चालवून घेतलं, आणि म्हणूनच हे लिहून राहिलो.

गोष्ट 2023 च्या डिसेंबरातली. फास्टिंग शुगर होती म्हणून सगळे सकाळी सातला उपाशीपोटी हजर, रक्त दिल्यावर कँटीनमध्ये तर्री पोहे आणि एकेक संत्रं. दरवर्षी कोणीतरी विचारतोच, "साहेब, उपाशी म्हणजे खर्रा तर चालते ना?" नाही चालत. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी, आणि तंबाखूनं नाडी वाढते, बीपी वाढते, मग मशीनवर आकडा येतो तो माणसाचा की खर्र्याचा ते कळत नाही. त्या सकाळी एकाचं 164/100 आलं, तोंडात खर्रा तसाच. चूळ भरायला लावली, अर्धा तास बाहेर बसवलं, मग पाय जमिनीवर, पाठ टेकून, दंडावरची बाही वर करून परत घेतलं तर 138/86. त्याच्या घरी बीपीची गोळी उगाच सुरू झाली असती.

तोंड मात्र मी प्रत्येकाचं पाहतो, त्यात कधी आळस केला नाही. आपल्याकडं खर्रा किती आहे ते नागपूरवाल्याला सांगायची गरज नाही. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. कित्येकांची दोनच जातात, गालाच्या आतली कातडी पांढरी पडलेली, हाताला दोरीसारखी कडक लागते, आणि विचारलं की सांगतात हो साहेब, तिखट खाल्लं की आग होते. ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते, म्हणून त्यांना लगेच डेंटल कॉलेजला पाठवतो. तोंड उघडायला कोणाला लाज वाटत नाही. लाज सगळी कमरेच्या खाली.

साडेअकराच्या सुमारास लाइन गेली. ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, बंद पडली, पुढची रांग थांबली, एचआरवाला जनरेटरच्या मागे पळाला. माझ्या टेबलासमोर तेव्हा एक काका होते, बावन्न-त्रेपन्न वय, मूळचे भंडाऱ्याकडचे, वीस वर्षांपासून त्याच कंपनीत पॅकिंगला. एरवी मी त्यांचाही रकाना भरून मोकळा झालो असतो. पण रांग थांबली होती, ते वजनकाट्यावरून उतरून माझ्याकडं आले तेव्हा पाय फाकवून चालत होते आणि शर्ट मुद्दाम गुडघ्याच्या वर येईल इतका लांब. मी म्हटलं, काका, जरा इकडं आत या. बाजूला स्टोअरची खोली होती, खिडकी नाही, आतून कडी लागते. आत गेल्यावर त्यांनी स्वतःच पँटचा हुक काढला. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

डावी बाजू मोठ्या पपईएवढी झाली होती. आत लंगोट, त्यावर अजून एक चड्डी, इतकं बांधून ते आठ तास उभं राहून काम करायचे. किती वर्षं झाली विचारलं तर म्हणाले, "नऊ होतील जी. वजन उचललं म्हणून झालं असं समजलो." घरी बायकोशिवाय कोणाला माहीत नाही. पोरीच्या लग्नातपण धोतर नेसले नाहीत.

खोकायला लावलं, खोकल्याचा धक्का हाताला लागत नव्हता. सुजेच्या वरच्या बाजूला बोटं नीट पोचत होती, म्हणजे पोटातून काही उतरलेलं नव्हतं, हर्निया नव्हता. मग बॅटरी लावली. अंधारी खोली होतीच, मागून बॅटरी टेकवली आणि ती सगळी सूज लालसर उजळली, आपण लहानपणी बॅटरीवर तळहात ठेवून पाहायचो तशी. आत पाणी होतं. हायड्रोसिल. काका खाली वाकून पाहत होते, त्यांनी स्वतःचं नऊ वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पाणीच आहे ना जी? गाठ नाही ना?"

पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना आहे. घाण पाण्यातल्या क्युलेक्स डासामुळे जंत शरीरात जातात, लसिकावाहिन्यांत राहतात आणि त्याचा परिणाम बरीच वर्षं गेल्यावर दिसतो, कोणाचा पाय सुजतो, पुरुषांत पुष्कळदा अंडकोषात पाणी भरतं. त्या जंतांची पिल्लं रात्री रक्तात फिरतात म्हणून आरोग्य विभागाचे लोक रात्री येऊन बोटातून रक्त घेतात. 2019 पासून आपल्या नागपूर जिल्ह्यात डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन अशी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, आशाताई दारावर येतात आणि समोरच गिळा म्हणतात. काकांनी कबूल केलं की गोळ्या हातात घ्यायचो आणि ती गेली की नालीत टाकायचो. त्यांना मी समजावलं की गोळ्या घ्यायलाच पाहिजेत, पण जमलेलं पाणी गोळीनं जात नाही, त्याला छोटं ऑपरेशन लागतं, सरकारी दवाखान्यात होतं, थोड्या दिवसांत माणूस परत कामावर.

लाइन आली, रांग सुरू झाली, काका गेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर ते परत आले, सोबत एक पोट्टा, वय एकोणतीस, मशीन शॉपमधला. त्याचा चेकअप सकाळी दहालाच झाला होता, फॉर्मवर माझी सही झाली होती, आठव्या रकान्यात निल. काका म्हणाले, "साहेब, याले पण माह्यासारखंच आहे. मी सांगितलं दुखत नाही, फक्त बॅटरी लावतात." पोरगा जमिनीकडं पाहून उभा.

आत नेलं, कडी लावली. उजवी बाजू मोठी, काकांच्या मानानं काहीच नाही, जेमतेम लिंबाएवढी जास्त. हात लावला आणि मला लगेच जाणवलं. पाण्याची पिशवी दाबली की दबते, हे दबत नव्हतं. दगडासारखं घट्ट आणि आकाराच्या मानानं जड. दुखत नाही म्हणाला, आणि तेच वाईट असतं, दुखलं असतं तर सव्वा वर्ष थांबला नसता. हो, सव्वा वर्ष. गावातल्या एकानं लेप दिला होता तो लावून लंगोट बांधून राहिला होता.

बॅटरी लावली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग खोलीतला लाइट बंद करून परत. काळंच.

तो म्हणाला, "साहेब, काकाचं लाल दिसलं म्हणे. माह्यं काहून नाही पेटलं?"

माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. मी म्हटलं आत पाणी नाही आहे, गाठ आहे असं वाटते, कशाची ते हातानं सांगता येत नाही, आज संध्याकाळीच सोनोग्राफी करायची. पोट दाबून पाहिलं, मानेला डावीकडं गाठी आहेत का पाहिलं, छाती पाहिली. बाकी काही लागलं नाही. धंतोलीत ओळखीच्या सोनोग्राफीवाल्याला तिथूनच फोन लावला. काकांनापण सोनोग्राफी सांगितली, कारण कधीकधी गाठीच्या भोवतीसुद्धा पाणी जमतं आणि मग बॅटरी फसवते. दोघं काकांच्या गाडीवर गेले. काकांच्या रिपोर्टमध्ये पाणीच होतं. पोराच्या रिपोर्टमध्ये उजव्या वृषणात घट्ट गाठ, आत रक्तपुरवठा वाढलेला.

दुसऱ्या दिवशी त्याला बायकोला घेऊन क्लिनिकला बोलावलं. घरी सांगितलं नव्हतं. लग्नाला दीड वर्ष झालेलं, मूल नाही, आणि मूल होत नाही याचं सगळं खापर तोपर्यंत त्या पोरीवर फुटत होतं. तिनं जे प्रश्न विचारले ते नवऱ्यानं एकपण विचारला नाही. सुई टाकून तपासणार का? मी म्हटलं नाही, या आजारात तिथून सुई टाकत नाहीत, पसरायची भीती असते, म्हणून जांघेतून चीर देऊन पूर्ण वृषणच काढतात आणि मग तपासतात. त्याआधी रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच, म्हणजे या कॅन्सरच्या खुणा, पाहतात. एक राहिलं तर चालते का? चालते, दुसरं चांगलं असेल तर मूलपण होऊ शकतं, तरी ऑपरेशनच्या आधी वीर्य साठवून ठेवा, पुढं केमो लागली तर उपयोगी पडेल. हा कॅन्सर असेल तर मरणार का? मी तिला खरं तेच सांगितलं की कॅन्सरमध्ये जे सगळ्यात चांगले बरे होतात त्यातला हा एक आहे, पसरल्यावरसुद्धा बरेच लोक पूर्ण बरे होतात.

मग ती म्हणाली, "मागच्या वर्षीपण तुम्हीच तपासलं होतं ना जी?"

मागच्या वर्षी डिसेंबरात म्हणजे गाठ तीन महिन्यांची होती. मी म्हटलं हो, मीच होतो, मी तपासलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं. ती गप्प बसली. नवरा म्हणाला जाऊ दे ना, मीच नाही म्हटलं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहून विचारलं, ऑपरेशन कोणत्या तारखेला.

ऑपरेशन आठ दिवसांत झालं. सेमिनोमा, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरचाच एक प्रकार, निघाला, वृषणाच्या बाहेर गेला नव्हता, सीटी स्कॅन स्वच्छ. केमो लागली नाही, पण ठरलेल्या तारखांना रक्त आणि स्कॅन करत राहावं लागतं, आणि ते चुकवू नये म्हणून तारखांचा कागद तिनं देवघराच्या भिंतीला चिकटवलाय.

इथं एक गोष्ट बोलावीच लागते. वृषणाचा कॅन्सर कमी आढळतो, ज्यांना काही त्रास नाही अशा प्रत्येकाची यासाठी तपासणी करा असं जाणकार सांगत नाहीत आणि मीपण म्हणत नाही. पण या माणसाला त्रास होता. त्याला माहीत होतं, रोज आंघोळीला हात लागत होता, त्याला फक्त कडी लागणारी एक खोली आणि मान वर करून विचारणारा माणूस पाहिजे होता. त्याच वर्षी कंपनीला एका लॅबकडून पॅकेज आलं होतं, बहात्तर टेस्ट, सगळ्यांना पीएसए फ्री. एकोणतीस वर्षांच्या पोराला पीएसए! प्रोस्टेटची ती टेस्ट पन्नाशीनंतर, तीपण फायदा-तोटा समजावून करायची असते. बहात्तर आकड्यांचा चकाचक रिपोर्ट त्याच्या हातात आला असता आणि गाठ तशीच राहिली असती. मला या पॅकेजांचा मनापासून राग येतो, आणि माझ्या निल लिहिण्याचा त्याहून जास्त.

2024 ला मी कंपनीला सांगून दिलं की दिवसाला ऐंशीच माणसं पाहीन आणि दिवस चार लागतील. एचआरनं खर्चावरून बरीच हुज्जत घातली, मी माझी फी कमी केली तेव्हा मानले. स्टोअरची खोली कायम मागून घेतली, आत एकावेळी एकच माणूस. आता मी विचारतो की आंघोळ करताना कुठं गाठ, सूज, जडपणा लागतो का, एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी वाटते का, लहानपणी वृषणाची गोळी पोटातून खाली उतरली नव्हती असं कोणी सांगितलंय का, आणि पाहायचं का ते त्याच्यावर सोडतो. पहिल्या दिवशी तिघांनी हो म्हटलं. दोन हर्निया निघाले, एक हायड्रोसिल.

काकांचं ऑपरेशन मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, झालं होतं. ते माझ्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते, कोणी बसवलं नव्हतं, पॅकिंगमधून सुट्टी मागून आले होते, आणि येणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला सांगत होते, "असलं काही तर सांगून दे बाबू, मी नऊ वर्षं बांधून फिरलो."

तो पोरगा दुसऱ्या दिवशीच्या यादीत होता. वजन चार किलो वाढलेलं, बीपी 124/80. आत आला, कडी स्वतःच लावली. तपासलं, आणि आठव्या रकान्यात मी लिहिलं, उजवं वृषण ऑपरेशनने काढलेलं, डावं हाताने तपासलं, गाठ नाही. त्याला वाचून दाखवलं. त्यानं फॉर्म घेतला, परत एकदा स्वतः वाचला, आणि विचारलं याचा फोटो काढून बायकोला पाठवू का.